कसम मोडल्यावर: मोबाईलमध्ये अडकलेल्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. वडील कुवेतमध्ये एका दुकानात नोकरीला. घरी अम्मी, आजी आणि धाकटी बहीण. २०२४च्या पावसाळ्यात अम्मी त्याला माझ्याकडे घेऊन आली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अशाच दोन-तीन घरांतल्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आहे. जमातीच्या, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजाच्या, इमारतीत एक खोली आहे, तिथे बसते. दीनचा मसला (धर्माचा प्रश्न) आला की मशिदीतल्या मौलानांकडे जायचं आणि मनाचा विषय आला की त्यांनी माझ्याकडे पाठवायचं, असं आमचं ठरलेलं आहे. मुलगा वयात आलेला आणि मी बाई, म्हणून बोलताना खोलीचं दार अर्धं उघडं असतं आणि अम्मी बाहेरच्या बाकावर बसलेली असते. तिला आम्ही दिसतो, बोलणं ऐकू जात नाही. ही साधी व्यवस्था केली की मुलगाही मोकळा होतो आणि घरच्यांच्या मनातही काही राहत नाही.

अम्मीची तक्रार अशी होती: "फजर (पहाटेची नमाज) गेली, अभ्यास गेला, आता जेवताना मानही वर करत नाही. मोबाईल काढून घेतला तर कपाटाचं दार मोडलं याने." दहावीचे पेपर संपल्यावर वडिलांनी तिकडून फोन पाठवला होता. दोन महिन्यांत ही अवस्था. तोवर घरच्यांनी बरंच करून पाहिलं होतं. आजीने नजर उतरवली, कुणाकडून तरी ताईत आला. वायफाय बंद केलं तर पोराने डेटा पॅक मारला. मामूंनी येऊन दम दिला. शेवटी बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मीने कुरआन शरीफवर हात ठेवायला लावून कसम घ्यायला लावली की इन्स्टाग्राम पुन्हा उघडणार नाही. चौथ्या रात्री त्याने उघडलं.

हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्या कसमेमुळे. आपल्या घरांमध्ये पोरगं ऐकत नसलं की शेवटचा उपाय म्हणून कसम घेतली जाते. ती घेणाऱ्या आईचा हेतू वाईट नसतो, तिच्या हातात दुसरं काही उरलेलं नसतं. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलाचं मोबाईलचं प्रमाण कसमेच्या आधी होतं त्याहून कसम मोडल्यानंतर कितीतरी वाढलं होतं. फोनमधल्या नोंदीत ते स्पष्ट दिसत होतं. कसमेपर्यंत दिवसाला चार-साडेचार तास, नंतर सातच्या वर, आणि त्यातला बराचसा वेळ रात्री बारा ते तीनमधला.

पहिल्या भेटीत तो फारसं बोलला नाही. किती वेळ बघतोस हा प्रश्न त्याला सगळ्यांनी विचारून झाला होता, म्हणून मी तो विचारलाच नाही. रात्री अडीच वाजता स्क्रीनवर नेमकं काय असतं, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "आता विचारून काय उपयोग मॅडम? कुरआनवर हात ठेवून खोटा ठरलो. आता एक तास बघितलं काय नि पाच तास बघितलं काय."

व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. पूर्ण बंदीची शपथ मोडली की माणूस पहिल्या घोटावर थांबत नाही, कारण आता जपण्यासारखं काही उरलं नाही असं त्याला वाटतं. या मुलाच्या बाबतीत शपथ साधी नव्हती, ती अल्लाहच्या कलामावरची होती. त्यामुळे आपण अल्लाहच्या नजरेतून उतरलो, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. मग नमाजला उभं राहायची लाज, ती लाज विसरण्यासाठी पुन्हा फोन, आणि फोन ठेवला की पुन्हा लाज.

सोशल मीडियाचं व्यसन हे अधिकृत निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा नाही. तरी कामापुरती मोजपट्टी लागते. बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या प्रश्नावलीत सहा गोष्टी पाहतात: सतत त्याचाच विचार, मन हलकं करण्यासाठी वापर, वेळ वाढवत नेण्याची ओढ, कमी करायचे फसलेले प्रयत्न, बंद असताना अस्वस्थता, आणि अभ्यासावर किंवा नोकरीवर परिणाम. याच्याकडे सहाही होत्या. त्याआधी उदासीचे प्रश्न विचारले. जीव नकोसा वाटतो का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हेही थेट विचारलं. तसं काही निघालं नाही. निघालं असतं तर काम माझ्या खोलीत थांबलंच नसतं, त्याला त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं असतं. दुआ आणि डॉक्टर यांच्यात निवड करावी लागते असं अनेकांना वाटतं. पण प्रेषितांनी (स.) विचारायला आलेल्यांना "इलाज करा" असंच सांगितलं होतं, आणि मी घरच्यांना ती हदीस, म्हणजे प्रेषितांचं ते वचन, आवर्जून सांगते.

मौलानांकडे आम्ही कसमेचा विषय आधी नेला. बाकी काही करण्याआधी ते ओझं उतरणं गरजेचं होतं. मौलानांनी त्याला समोर बसवलं आणि कुरआनातल्या सूरह माइदा या अध्यायाची ८९वी आयत वाचून दाखवली. कसम मोडली तर काय करायचं हे तिथे लिहिलेलंच आहे: दहा गरजूंना जेवू घालणं किंवा त्यांना कपडे देणं किंवा गुलाम मुक्त करणं, आणि ते जमत नसेल तर तीन रोजे. कोकणातले आपण बहुतेक शाफई, म्हणजे इमाम शाफई यांच्या धर्मशास्त्राच्या परंपरेतले. आपल्याकडे कफ्फाऱ्याचं (कसम मोडल्याच्या भरपाईचं) धान्य प्रत्येकाला एक मुद्द, म्हणजे पाऊण किलोच्या आतबाहेर, आणि तेही त्या भागात जे खातात ते. आपल्याकडे अर्थातच तांदूळ.

अम्मी लगेच म्हणाली, "मी घरातून काढून देते." मौलाना म्हणाले, "तुमची नाही, त्याची कसम होती." मुलाने ईदीचे साठवलेले पैसे काढले, बाजारातून साडेसात किलो तांदूळ आणले आणि अंगणात बसून स्वतः दहा पिशव्या भरल्या. त्यातल्या काही पिशव्या वाटायला तो मौलानांबरोबर फिरला. एका घरातल्या म्हाताऱ्या आजीने डोक्यावर हात ठेवून त्याला दुआ दिली. त्यानंतरच्या भेटीत तो पहिल्यांदा ताठ बसला होता. "हिशेब मिटला का?" मी विचारलं. "कसमेचा मिटला," तो म्हणाला. "सवयीचा नाही." हा फरक त्याने स्वतः केला, आणि पुढचं सगळं काम त्या फरकावर उभं राहिलं.

अम्मीलाही एक गोष्ट सांगावी लागली: यापुढे कसम नाही. ती अस्वस्थ झाली. तिचं म्हणणं होतं की मग साधा बटणांचा फोन देते, प्रश्नच मिटेल. मी तिला प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा यांचं, बुखारी या हदीसांच्या संग्रहात आलेलं म्हणणं सांगितलं. आधी मनं वळवणाऱ्या आयती उतरल्या. पहिल्याच दिवशी दारू सोडा असा हुकूम आला असता तर लोक म्हणाले असते, आम्ही ती कधीच सोडणार नाही. दारूची बंदी कुरआनात टप्प्याटप्प्याने आली. आधी फायद्यापेक्षा गुनाह मोठा आहे हे सांगितलं, मग नशेत नमाजच्या जवळ जाऊ नका, आणि शेवटी पूर्ण बंदी. ज्या समाजाने हे ऐकलं त्याच्यासाठी जी सवलत होती, ती सोळा वर्षांच्या पोराला नाकारायचं कारण काय? शिवाय कॉलेजच्या नोट्स, क्लासचा ग्रुप, फॉर्म भरणं हे सगळं फोनवरच होतं. बटणांचा फोन देऊन तो वर्गात वेगळा पडला असता, आणि संध्याकाळी मित्राच्या फोनवर तेच बघितलं असतं.

आता रात्री अडीचची स्क्रीन. मला वाटलं होतं की क्रिकेट, बाइक, विनोद असं काहीतरी असेल. ते होतंच, पण ते संध्याकाळी. रात्री तो गाझा बघत होता. ऑक्टोबर २०२३पासून अम्मीच्या जुन्या फोनवर सुरू झालेलं, स्वतःचा फोन आल्यावर वाढलेलं. ढिगाऱ्यातून काढलेली मुलं, कफनात गुंडाळलेली मुलं, एकामागून एक. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. मध्येच एखादा इकडचा व्हिडिओ, मुसलमानांना शिव्या घालणारा, आणि खाली हजारो कमेंट. त्याने दुसरं एक नाव नसलेलं खातं काढलं होतं आणि तिथून तो उत्तरं देत बसायचा. "थांबवलं तर मी त्यांना विसरलो असं होईल," तो म्हणाला.

इथे बऱ्याच समुपदेशकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. हा राजकारणाचा विषय आहे, सोडून दे, अभ्यासात लक्ष घाल, असं सांगितलं की मूल पुन्हा तोंड मिटून बसतं. त्याचं दुःख खरं होतं. मुसलमान एकमेकांसाठी एका शरीरासारखे, एक अवयव दुखला तर सगळं शरीर जागं राहतं, ही हदीस तो लहानपणापासून मकतबमध्ये पाठ करत आला होता, आणि तो अक्षरशः जागा राहत होता. मी आधी तेवढंच मान्य केलं. तुला वाईट वाटतं ते बरोबर आहे, म्हटलं. मग विचारलं की त्या मुलांसाठी दुआ कधी करतोस.

आपल्या मशिदीत रोज फजरला कुनूत (नमाजमध्ये उभ्याने मागायची दुआ) पढतात. गाझासाठी त्या काळात इमाम हात उचलून खास दुआ मागायचे, सगळी जमात आमीन म्हणायची. हा मुलगा तीन वाजेपर्यंत ती मुलं बघत जागा राहायचा आणि त्यांच्यासाठी पहाटे दुआ होत असताना झोपलेला असायचा. हे मी त्याला सांगितलं नाही, त्याचं त्यालाच उमगलं. त्याचा चेहरा पडला. त्या क्षणी त्याला लाजवणं फार सोपं होतं, म्हणून मी लगेच पुढचं बोलले: मग पहाट कशी वाचवायची ते बघू या.

पहाट वाचवायला बसलो तेव्हा खरी अडचण समोर आली, आणि ती मुलाची नव्हतीच. वडिलांची ड्युटी रात्री दहाला सुटायची. कुवेतची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे इथे साडेबारा वाजायचे. खोलीवर पोहोचून ते घरी व्हिडिओ कॉल करायचे. सगळं घर त्या कॉलसाठी जागं. मुलगा कॉलची वाट बघताना फोन हातात धरून बसायचा, कॉल एक वाजता संपायचा, आणि मग झोप उडालेली. वडिलांना पोरांचं तोंड बघायचं असतं, त्यात कुणाला दोष देणार? पण त्या घरात मध्यरात्र ही जागं राहायची वेळ झाली होती आणि कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. आखातात माणूस असलेल्या घरांत मी आता हा प्रश्न सगळ्यात आधी विचारते.

वडिलांशी फोनवर बोलले. त्यांना शुक्रवारी सुट्टी असते. जुमाच्या नमाजनंतर निवांत कॉल, आणि इतर दिवशी सकाळी ड्युटीवर जाण्याआधी दहा मिनिटं, असं ठरलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "रात्रीच मला त्यांची जास्त आठवण येते." मग त्यांनी मानलं. या प्रकरणात ज्यांनी खरोखर काही सोडलं ते हे वडील होत, असं मला वाटतं.

बाकीची मांडणी साधी होती. इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर, सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, अम्मीचाही. प्रेषितांना (स.) इशानंतरच्या गप्पा आवडत नसत, ही हदीस घरात सगळ्यांना माहीत होती, तिला आता काम मिळालं. फजरच्या गजरासाठी फोन उशाशी लागतो ही नेहमीची सबब. बाजारातून घंटीचं घड्याळ आणलं. गाझाच्या बातम्या दिवसातून एकदा, असरनंतर (दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर), वाचून, व्हिडिओ नाहीत. महिन्याच्या खर्चातून थोडी रक्कम सदक्याला (दानाला). आणि आपलं मन कुठे दुखतंय ते फजरच्या कुनूतमध्ये सांगायचं.

नाव नसलेल्या खात्यावर जरा वेळ गेला. त्याचा राग मी नाकारला नाही, पण अम्मीची भीतीही खरी होती. जून २०२३मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल उसळली होती, इंटरनेट बंद करावं लागलं होतं, आणि त्यात अल्पवयीन मुलं अडकली होती. रात्री दोन वाजता रागात टाकलेली एक ओळ मुसलमान मुलाला केवढ्याला पडू शकते हे आपल्याकडच्या प्रत्येक आईला कळतं. आम्ही असं ठरवलं की उत्तर द्यावंसं वाटलं तर वहीत लिहायचं आणि सकाळी वाचून मग बघायचं. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची खूण सांगितली आहे, अडाणी लोक त्यांच्या अंगावर आले तर ते 'सलाम' म्हणतात. वहीत काही पानं भरली. खात्यावर एकही ओळ गेली नाही, आणि काही आठवड्यांनी त्याने ते खातं स्वतःच काढून टाकलं.

इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी नफ्सशी (आपल्या मनाशी, त्याच्या ओढींशी) व्यवहार करायच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: सकाळी नफ्सशी अट ठरवायची, दिवसभर नजर ठेवायची, रात्री हिशेब घ्यायचा, चुकलं तर काही दंड, मग अधिक मेहनत, आणि शेवटी नफ्सची खरडपट्टी. मी यातल्या पहिल्या तीनच वापरल्या. दंड आणि खरडपट्टी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण या मुलाकडे त्या दोन्ही गरजेपेक्षा जास्त होत्या. सकाळी एक ओळ, रात्री एक ओळ. "आज असर ते मगरिब फोन नाही." "जमलं." किंवा "नाही जमलं, मित्राने लिंक पाठवली." एवढंच. लाज वाटेल असं काही त्यात लिहायचं नाही, हेही बजावलं. आपल्या दीनमध्ये झाकलेला गुनाह उघडा करत फिरणं मना आहे. तौबा अल्लाहशी असते, वहीशी किंवा माझ्याशी नाही.

डिसेंबरपर्यंत रात्रीचा वापर जवळजवळ थांबला. दिवसाचा अडीच तासांवर आला. फजर रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस मशिदीत. कॉलेजची हजेरी सुधारली.

रमजान २ मार्च २०२५ला लागला आणि पहिला पंधरवडा फार चांगला गेला. जानेवारीत गाझात युद्धबंदी झाली होती, त्यामुळे मनावरचा ताणही कमी होता. १८ मार्चला, सतराव्या रोज्याला, ती मोडली आणि एका रात्रीत शेकडो माणसं मारली गेली. त्या रात्री तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजनंतर) त्याने दिवाणखान्यातून फोन उचलला आणि सहरीपर्यंत बघत राहिला. पुढच्या दोन रात्रीही.

यासाठी आमची तयारी होती. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू ज़ैद बल्खी (इ.स. ८५०–९३४) यांनी एक सुचवलं आहे: माणूस जसा तब्येत ठीक असताना औषधं घरात आणून ठेवतो, तसे मन शांत असताना काही विचार तयार करून ठेवावेत, मन बिघडलं की तेच कामी येतात. हिवाळ्यात त्याने एका कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "पुन्हा होईल. झालं म्हणजे संपलं नाही. मौलानांना किंवा मॅडमना सांग, तिसरी रात्र जाऊ देऊ नको." तिसऱ्या रात्रीनंतर, फजर झाल्यावर, तो मौलानांसमोर जाऊन उभा राहिला. मौलाना काही बोलले नाहीत, त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सूर्य वर येईपर्यंत दोघं तिलावत (कुरआनचं वाचन) करत बसले. मागच्या वेळी पहिल्या घसरणीनंतर जवळजवळ महिनाभर तो खोल गेला होता. या वेळी तीन रात्री. एतिकाफला त्याने शेवटचे दहा दिवस मशिदीत बसायचं ठरवलं, अम्मीने आधी का-कू केलं, मग हो म्हटली. फोन घरीच राहिला.

या प्रकरणात इलाजाचं काम मशिदीने बरंच केलं. पण प्रत्येक गावात असे मौलाना नसतात, आणि प्रत्येक मुलाला हे पुरत नाही. झोप, जेवण आणि बोलणं तिन्ही बिघडलं असेल, मारहाण होत असेल, जीव देण्याची भाषा येत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यावं. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४पासून स्वतंत्र दवाखाना चालतो.

मुलगा आता बारावीला आहे. इन्स्टाग्राम आहे त्याच्याकडे, दिवसाची मर्यादा लावलेली, कधी कधी ओलांडलेली. आमच्या भेटी आता क्वचित होतात. अलीकडे अम्मीच जास्त येते, कारण तिची भीती मुलाइतकी लवकर कमी झालेली नाही. तो आंघोळीला गेला की ती त्याचा फोन उघडून बघते, आणि त्याला ते माहीत आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करू नका असं आहे, आणि आई म्हणून तिच्यावर जबाबदारीही आहे. त्या दोन्हींच्या मधून वाट काढायला आम्ही सध्या बसलो आहोत: फोन बघायचा असेल तर त्याच्या समोर, त्याला सांगून, रविवारी दुपारी. पहिल्या रविवारी तिने बघितला. दुसऱ्या रविवारी त्यानेच तिच्याकडे आणून दिला, आणि ती नको म्हणाली. गेल्या आठवड्यात मात्र तिने पुन्हा लपून बघितला आणि दोघांचं भांडण झालं. पुढच्या भेटीला दोघंही एकत्र येणार आहेत.